छायाचित्राचे व्हेक्टर अनुरेखन

छायाचित्रातील आकारांच्या कडा ठरवून त्या गणिती वक्रांनी पुन्हा रेखाटण्याची आणि अशा बंदिस्त आकृत्यांत रंग भरण्याची पद्धत. छपाईच्या व्यवसायात हिला ‘ट्रेस करणे’ किंवा नुसते ‘व्हेक्टर करणे’ म्हणतात. व्हेक्टरला ‘सदिश’ हा प्रतिशब्द गणितात व भौतिकीत पक्का रुळला आहे. चित्रांच्या कामात मात्र तो कोणाच्या तोंडी नाही. म्हणून या नोंदीत ‘व्हेक्टर’ हाच शब्द ठेवला आहे.

छायाचित्र ही रंगीत ठिपक्यांची जाळी असते. ३,००० बाय २,००० ठिपक्यांच्या चित्रात ६० लाख ठिपके असतात. पण गाल कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतात, याची नोंद त्यांत कुठेच नसते. छायाचित्रात रेषा नसते, ती काढणाऱ्याला ठरवावी लागते. व्हेक्टर चित्रात याउलट ठिपके नसतात. असतात ते बिंदू म्हणजे नोड, त्यांना जोडणारे वक्र आणि आतला रंग. त्यामुळे तेच चित्र व्हिजिटिंग कार्डावर आणि चाळीस फुटी फलकावर सारख्याच स्वच्छ कडेने उमटते.

वक्राचे जनकत्व : या कामात सर्वत्र वापरला जाणारा वक्र फ्रेंच अभियंते प्येर बेझिए (१९१०–१९९९) यांच्या नावाने ओळखला जातो. कोरलड्रॉ या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हत्याराचे नावच ‘बेझियर टूल’ आहे. बेझिए रेनो या मोटार कंपनीत होते आणि गाड्यांच्या पत्र्याचे वळण यंत्राला समजेल अशा भाषेत मांडणे हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न प्रतिस्पर्धी सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो (१९३०–२०२२) यांच्यापुढे होता. त्यांचे टिपण १९५९ च्या सुमाराचे मानले जाते. पण कंपनीने ते गुपित ठेवले. बेझिए यांचे काम १९६० च्या दशकात प्रसिद्ध होत गेले आणि नाव त्यांचे लागले. द कास्तेल्झो यांची अंतर्गत टिपणे बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आली ती १९७० च्या दशकाच्या मध्यास. दोन्ही मांडण्यांच्या मुळाशी रशियन गणिती सर्गेई बर्नस्टाइन यांच्या १९१२ च्या बहुपदी आहेत, हे १९७० नंतर संगणकीय भूमितीचे अभ्यासक ए. आर. फॉरेस्ट यांच्या लेखनाने स्पष्ट झाले. बर्नस्टाइन यांच्यापुढे मात्र वक्र रेखाटण्याचा प्रश्न नव्हता, तेव्हा त्यांना जनक म्हणणे ताणल्यासारखे होते. रचनेचा मान द कास्तेल्झो यांना आणि प्रसाराचा बेझिए यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते.

द कास्तेल्झो यांची कृती कागदावर पट्टीनेही करता येते आणि नवशिक्याने ती एकदा करून पाहावीच. चार बिंदू घ्यावेत : दोन टोकांचे, दोन मुठींचे. (मूठ म्हणजे नोडातून निघणारा, वक्राचे वळण ठरवणारा दांडा, इंग्रजीत हँडल.) ते क्रमाने जोडले की तीन रेषा होतात. तिन्हींचे मध्य जोडावेत, दोन रेषा मिळतात. त्यांचे मध्य जोडावेत, एक रेषा उरते. तिचा मध्यबिंदू नेमका वक्रावर पडतो आणि ती रेषा वक्राला तिथे स्पर्श करते. वक्राच्या मधोमध नवा नोड टाकावा आणि आकार तसूभरही हलू नये, हे याच कृतीने साधते. या वक्राने पूर्ण वर्तुळ काटेकोरपणे काढता येत नाही. चार नोड आणि त्रिज्येच्या ०.५५२३ पट लांबीच्या मुठी घेतल्या, तर त्रिज्येत जास्तीत जास्त सु. ०.०३ टक्के चूक राहते. १० सेंमी. त्रिज्येच्या वर्तुळात ही चूक मिलिमीटरच्या पस्तीसाव्या हिश्श्याहून कमी भरते.

स्वयंचलित अनुरेखन : अडोबी इलस्ट्रेटर हे व्हेक्टर चित्रांचे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये आले. त्यातली आजची ‘इमेज ट्रेस’ ही सोय २०१२ ची. तिच्या आधी २००५ पासून ‘लाइव्ह ट्रेस’ होती. मोफत मिळणाऱ्या इंकस्केप (२००३) या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पीटर सेलिंजर यांचा पोट्रेस हा अनुरेखनाचा प्रोग्रॅम वापरलेला आहे. पोट्रेसला फक्त काळे-पांढरे चित्र समजते. ते काळ्या भागाची सीमा शोधते, तिला कमीत कमी बाजूंचा बहुभुज बसवते, कोपरा खरा की गोलाई हे ठरवते आणि शेवटी वक्र जोडून घेते. रंगीत चित्रासाठी इंकस्केप हेच काम अनेकदा करून थर एकावर एक रचते.

रेखाचित्र, सही, शिक्का, जुने मुद्राचिन्ह यांना हे उत्तम चालते. चेहऱ्याला चालत नाही. उजेड-अंधाराची सीमा एकाच आकड्यावर ठरवली की फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोतले नाक नाहीसे होते आणि हनुवटीखालची सावली दाढीसारखी दिसू लागते. शिवाय हजारो नोड पडतात, जे नंतर हाताने सुधारणे नव्याने काढण्याहून जिकिरीचे असते. म्हणून शिकणाऱ्याने पहिला चेहरा हातानेच काढावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

हाताने अनुरेखन : फोटो खालच्या थरात ठेवून फिका करावा व लॉक करावा. आधी मोठे आकार घ्यावेत : चेहरा, केस, मान, कपडे, मग सावल्या, तपशील शेवटी. नोड शक्यतो आकाराच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या व उजव्या टोकांवर टाकावेत आणि मूठ साधारण दोन नोडांमधल्या अंतराच्या एक तृतीयांश ठेवावी. वक्र बसत नसेल, तर नोड वाढवण्याआधी मुठी हलवून पाहाव्यात.

डोळा ही खरी परीक्षा. नवशिका बदामाच्या आकाराची रेघ सगळीकडून सारखी ओढतो आणि डोळा चिकटवल्यासारखा दिसतो. फोटो मोठा करून पाहिला की कळते, वरच्या पापणीची कड ही रेघ नसून मध्ये जाड व टोकांना निमुळती अशी गडद आकृती आहे. खालच्या पापणीला जवळजवळ रेघच नाही. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, राखाडी किंवा किंचित गुलाबी असतो. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो. नाकाकडच्या कोपऱ्यात तुटक वळणाचा, म्हणजे टोकदार कोपरा करणारा नोड लागतो, बाकी ठिकाणी सलग. खरा पांढरा रंग फक्त चमकेच्या ठिपक्याला द्यावा.

पूर्वपरंपरा व महाराष्ट्र : रंगांचे थर वेगळे करून चित्र उभे करण्याची रीत शिळाछापात जुनीच आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ च्या सुमारास मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत चित्रांना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. हे थेट पूर्वज नव्हेत. पण विचार तोच आहे.

महाराष्ट्रातील आजचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे वाहनांच्या काचेवरील एकरंगी ‘रेडियम’, विशेषतः शिवाजी महाराजांचा चेहरा. येथे रेडियम कापणाऱ्या यंत्राचे पाते वक्रावरूनच फिरते, त्यामुळे जादा नोड पडले की कड दातेरी होते. नको असलेला भाग हाताने उपसून काढावा लागतो आणि लहान सुटे तुकडे हटकून त्रास देतात. डोळ्यातला चमकेचा ठिपका बुबुळाच्या कडेपर्यंत नेऊन बाहेरच्या पांढऱ्या भागाला जोडला, तर तो त्याच्याबरोबर एका ओढीत निघतो.