‘वू-वेइ’ म्हणजे स्टॉपलॉस न लावणं नव्हे

ठाणे लोकलमध्ये हे वारंवार ऐकतो: “ताओवाद (प्राचीन चिनी तत्त्वज्ञान) सांगतो, काहीच करू नका, तोट्यातही बसून राहा.” साफ चूक. ताओवादातलं वू-वेइ म्हणजे ओढाताण न करता केलेली कृती. ताओवादी विचारवंत च्वांगत्झूच्या ग्रंथातला बैल कापणारा स्वयंपाकी डिंग आठवा. त्याची सुरी 19 वर्षं धारदार राहिली, कारण ती हाडावर न आपटता सांध्यातल्या फटीतून फिरते. गुंतागुंतीची जागा आली की तो थबकतो, नजर रोखतो, हात अगदी हळू चालवतो. ट्रेडिंगमध्येही तसंच: अस्थिर बाजारात सौदा लहान ठेवा, तोट्याची आधीच ठरवलेली मर्यादा, म्हणजे स्टॉपलॉस, गाठली की निमूट बाहेर पडा. पडत्या शेअरमध्ये ॲव्हरेज करत राहणं, म्हणजे भाव उतरेल तसे आणखी शेअर घेत जाणं, म्हणजे हाडावरच घाव! जीव तोडून सांगतोय, कारण बाजार नियामक सेबीच्या 2024च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (पुढच्या तारखेच्या भावांवरच्या सौद्यांतल्या) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला.