अतिजड मूलद्रव्ये

आवर्तसारणीतील 104 (रदरफोर्डियम) आणि त्यापुढच्या अणुक्रमांकांची मूलद्रव्ये. सध्या ही यादी 118 व्या ओगानेसॉनपाशी थांबते. यांतले एकही निसर्गात सापडलेले नाही. सगळी प्रयोगशाळेत, बहुधा एकेक अणू करून घडवलेली आहेत; येथे शोध म्हणजे निर्मितीच.

जड मूलद्रव्याच्या पातळ थरावर हलक्या अणुकेंद्रकांचा झोत प्रकाशाच्या सुमारे एक दशांश वेगाने सोडतात. दोन्ही केंद्रके धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटतात. वेग कमी पडला तर ती जुळत नाहीत, जास्त झाला तर जुळलेले केंद्रक तापून फुटते. जर्मनीतील डार्मस्टाट येथे शिसे आणि बिस्मथ यांवर मारा करून 107 ते 112 ही मूलद्रव्ये मिळाली. त्यापुढे रशियातील दुब्ना येथे झोत म्हणून कॅल्शियम-48 (प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून 48 असलेला कॅल्शियमचा प्रकार) कामी आले. नैसर्गिक कॅल्शियमात ते जेमतेम 0.2 टक्के असते, त्यामुळे अतिशय महाग. पण त्यातील 28 न्यूट्रॉन जास्तीची स्थिरता देतात.

117 व्या मूलद्रव्यासाठी (टेनेसीन) बर्केलियम-249 हवे होते. अमेरिकेतील ओक रिज येथील अणुभट्टीत 250 दिवस आणि नंतरच्या शुद्धीकरणात 90 दिवस घालवून हाती आले 22 मिलिग्रॅम. त्याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) केवळ 330 दिवस, म्हणजे माल वाटेतच घटत जाणारा. त्यात कागदपत्रे अपुरी म्हणून रशियन सीमाशुल्क विभागाने पार्सल परत पाठवले, आणि हे बर्केलियम अटलांटिकवरून पाच वेळा उडाले! 2009 च्या जुलैमध्ये मारा सुरू झाला. 2010 मध्ये जाहीर झालेले फळ होते सहा अणू.

असा अणू ओळखायचा तो त्याच्या मरणावरून. तो अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा गठ्ठा) टाकत पायरीपायरीने खाली उतरतो. ही उतरंड ओळखीच्या केंद्रकापर्यंत पोचली, तर मूळपुरुष कोण हे ठरते. जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाला 113 व्या मूलद्रव्याचे (निहोनियम) अणू 2004, 2005 आणि 2012 मध्ये दिसले, एकूण तीन. पहिल्या दोन साखळ्या डब्नियमपाशी (105) केंद्रक दुभंगून संपल्या. तिसरी ओळखीच्या मेंडेलेव्हियमपर्यंत (101) उतरली आणि दाव्याला बळ आले. ही काटेकोरी अनाठायी नाही: अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेतून 1999 मध्ये झालेला 118 चा दावा पुढे मागे घ्यावा लागला होता.

सिद्धांतानुसार 114 प्रोटॉन आणि 184 न्यूट्रॉन यांच्या आसपास ‘स्थैर्याचे बेट’, म्हणजे तुलनेने जास्त काळ टिकणाऱ्या केंद्रकांचा पट्टा, असावे. फ्लेरोव्हियम-289 मध्ये (प्रोटॉन 114) न्यूट्रॉन आहेत 175 आणि ते टिकते सुमारे दोन सेकंद. किनारा जवळ आल्याची ही खूण खरी, पण उरलेले न्यूट्रॉन आणायचे कुठून, हा पेच सुटलेला नाही.

रसायनशास्त्रज्ञांना वेगळेच कुतूहल. केंद्रकाचा भार एवढा वाढला की आतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरतात आणि सापेक्षतेच्या परिणामामुळे बाहेरच्या कक्षाही आक्रसतात किंवा फैलावतात. पाऱ्याच्या खाली बसणाऱ्या कोपर्निसियमचे मोजके अणू सोन्याच्या थंड पृष्ठभागावरून नेऊन पाहिले, तेव्हा ते पाऱ्यापेक्षाही बाष्पशील निघाले.

119 साठी कॅल्शियमचा मार्ग बंद आहे, कारण त्याला आइन्स्टाइनियमचा थर लागेल आणि ते पुरेसे बनतच नाही. म्हणून आता झोतच बदलला जात आहे. बर्कलीत टायटॅनियम-50 प्लुटोनियमवर 22 दिवस सोडून लिव्हरमोरियमचे (116) दोन अणू मिळाल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले.