योग्य क्षणी आठवणे : सराव नेमका कशाचा करायचा?

संध्याकाळी सहाला औषध घ्यायचे आहे, हे सकाळपासून ठाऊक असते. कोणी विचारले तर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ सारे बिनचूक सांगता येते. आणि तरीही साडेसात वाजता ध्यानात येते की औषध राहूनच गेले. येथे माहिती पुसली गेलेली नसते, ती हव्या त्या क्षणी वर आलेली नसते. पुढे करावयाचे काम योग्य वेळी आपणहून आठवण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात ‘प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी’ म्हणतात. मराठीत तिला भावी स्मृती म्हणता येईल. परीक्षेत प्रश्नपत्रिका समोर असते, म्हणजे आठवण्याची आज्ञा बाहेरून मिळते. भावी स्मृतीत तशी आज्ञा देणारे कोणी नसते आणि मन त्या वेळी दुसऱ्याच कामात गुंतलेले असते. म्हणूनच ‘सरावाने स्मरण सुधारते’ हे सर्वमान्य विधान येथे जसेच्या तसे लावता येत नाही; सराव कशाचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये या स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. एखादी घटना घडली की करावयाचे काम, जसे अमुक व्यक्ती भेटली की निरोप देणे, हा पहिला प्रकार. आणि ठराविक वेळ झाली की करावयाचे काम, हा दुसरा. पहिल्यात ती व्यक्ती समोर येते आणि तिच्या दर्शनानेच निरोपाची आठवण जागी होऊ शकते. दुसऱ्यात मात्र समोर काहीच येत नाही. सहा वाजले म्हणून जगात कोणताही बदल दिसत नाही, त्यामुळे घड्याळाकडे पाहण्याचेही माणसाला स्वतःच आठवावे लागते. वेळेवर बेतलेली कामे अधिक निसटतात याचे मोठे कारण हेच आहे.

घड्याळाकडे पाहण्याच्या या वर्तनाचा अभ्यास फार उद्बोधक आहे. 1982 मध्ये हॅरिस आणि विल्किन्स यांनी लोकांना चित्रपट पाहायला बसवून ठराविक वेळी एक कार्ड उंचावण्यास सांगितले. घड्याळ मुद्दाम पाठीमागे ठेवले होते, म्हणजे प्रत्येक वळून पाहणे नोंदवता यावे. काही जणांनी वेळ होण्यापूर्वी अवघे काही सेकंद घड्याळ पाहिले आणि तरीही त्यांना उशीर झाला. वेळ कळली होती, पण कळल्यानंतरच्या त्या थोडक्या अवधीत चित्रपटाने मन पुन्हा ओढून घेतले. 1985 मध्ये सेसी आणि ब्रॉन्फेनब्रेनर यांनी दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना भट्टीत ठेवलेले कपकेक अर्ध्या तासाने बाहेर काढण्यासारखी कामे सोपवली आणि दरम्यान खेळण्यास मोकळीक दिली. स्वतःच्या घरी ही मुले सुरुवातीची काही मिनिटे वारंवार घड्याळ पाहत, मग बराच काळ निर्धास्त खेळत आणि शेवटी पुन्हा पाहू लागत. संशोधकांनी याचा लावलेला अर्थ मला पटतो: सुरुवातीच्या त्या पाहण्यातून मुले आपल्या मनातले घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेत होती, आणि एकदा ते जुळले की मधला वेळ खेळाला देता येत होता. सरावाचा एक अतिशय खरा परिणाम येथे दिसतो. तो अधिक वेळा पाहण्यात नसून नेमके केव्हा पाहायचे हे उमगण्यात आहे.

मग मनाशी ‘विसरायचे नाही, विसरायचे नाही’ असे घोकत राहण्याचे काय? ही उजळणी कामाच्या आशयाची होते, आणि आशय तर बहुधा पक्का असतोच. कच्चा असतो तो क्षण आणि कृती यांमधला दुवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नेमके याच दुव्यावर बोट ठेवले. ‘मी व्यायाम करीन’ या निश्चयाऐवजी ‘दात घासून झाले की मी त्याच जागी उभा राहून व्यायाम सुरू करीन’ अशी क्षण, जागा आणि कृती एकत्र बांधणारी योजना त्यांनी सुचवली. ब्रँडश्टेटर यांच्यासह 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक अहवाल लिहायचा होता. तो कोठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवले, त्यांच्यात तो मुदतीत लिहिणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. पुढे लिऊ आणि पार्क यांनी 2004 मध्ये वयस्कर व्यक्तींना घरच्या घरी रक्तातील साखर तपासण्याचे काम दिले, तेव्हा ती कृती आपण कोठे आणि कशी करत आहोत याचे चित्र काही मिनिटे मनात रंगवणाऱ्यांनी पुढील तीन आठवडे ते काम अधिक नियमितपणे केले. एवढ्याशा मानसिक तालमीचा परिणाम इतका टिकावा, हे मला या साऱ्या संशोधनातील सर्वांत आशादायक निरीक्षण वाटते.

प्रदीर्घ प्रशिक्षणाचेही प्रयोग झाले आहेत. पटावरच्या खेळासारखा ‘व्हर्च्युअल वीक’ नावाचा एक संगणकीय खेळ आहे. त्यात खेळाडू सोंगटी पुढे नेत दिवस ‘जगतो’ आणि वाटेत ठरलेली कामे ठरलेल्या वेळी आठवून करतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर व्यक्तींना महिनाभरात या खेळाची 12 सत्रे देण्यात आली. त्यांची खेळातील कामगिरी तर सुधारलीच, शिवाय प्रत्यक्ष जीवनासारख्या कामांतही फायदा दिसला. स्मृतीचे प्रशिक्षण पुष्कळदा शिकवलेल्या खेळापुरतेच उरते, हे ध्यानात घेता ही बाब मोलाची आहे. मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या नोंदींवरून असेही सूचित झाले की सरावानंतर सतत पाळत ठेवण्याची गरज कमी होते आणि खूण दिसताच आठवण आपोआप वर येऊ लागते.

रोजच्या कामाचा सराव अखेर सवयीत उतरतो. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 96 जणांच्या नव्या सवयींचा 12 आठवडे मागोवा घेतला, तेव्हा कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ 66 दिवस निघाला. व्यक्तीगणिक तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत असल्याचा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने घडी फारशी विस्कटत नाही, हेही त्यात आढळले.

परंतु सवयीची खूण हरवली की सवयीबरोबर कामही हरवते. 16 ऑगस्ट 1987 रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे 255 क्रमांकाचे उड्डाण कोसळून 156 जण मृत्युमुखी पडले. विमानाला कमी वेगातही वर उचलून धरणाऱ्या पंखांच्या झडपा (फ्लॅप) उड्डाणापूर्वी खाली केल्या गेल्या नव्हत्या, हे चौकशीत निष्पन्न झाले. अनुभवी वैमानिकांनी असंख्य वेळा केलेली ती कृती होती. त्या संध्याकाळी मात्र धावपट्टी बदलली, नवी आकडेमोड करावी लागली आणि तपासयादी व्हायची राहिली. येथे सराव अपुरा नव्हता. नेहमीचा क्रम मोडल्यावर तो सराव आधाराला आला नाही, आणि अशाच प्रसंगासाठी असलेली यादी वाचली गेली नाही.

याउलट चूकही होते: काम झालेले असते, पण झाले की नाही हे आठवत नाही. कृती अंगवळणी पडली की ती लक्षाशिवाय घडते, आणि लक्षाशिवाय घडलेल्या गोष्टीची आठवण क्षीण राहते. औषधाची दुसरी मात्रा चुकून घेतली जाण्याचा धोका येथून उद्भवतो. एकच कृती पुन्हापुन्हा करावी लागणाऱ्या प्रयोगांत वयस्कर व्यक्तींकडून अशी पुनरावृत्ती अधिक होते. मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्यावर एक साधा उपाय तपासला: ठरलेली कळ दाबताना दुसरा हात डोक्यावर ठेवायचा. त्या वेगळ्या हालचालीने प्रत्येक वेळची कृती मनात स्वतंत्र नोंदली गेली, आणि पुनरावृत्तीच्या चुकांत तरुण व वृद्ध यांच्यातला फरक उरला नाही.