बन्सन ज्वालक

इंधनवायू पेटण्याआधीच त्यात हवा मिसळून धूररहित, निळसर व उष्ण ज्योत देणारे प्रयोगशाळेतील उपकरण. शाळा-महाविद्यालयांत ‘बन्सन बर्नर’. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिल्हेल्म बन्सन (३० मार्च १८११–१६ ऑगस्ट १८९९) यांचे नाव सर्वतोमुखी राहिले ते यामुळे. जन्मतारीख काही ग्रंथ ३१ मार्च देतात आणि उतारवयात बन्सन त्याच दिवशी वाढदिवस साजरा करीत. चरित्रकार लोकेमान मात्र ३० हीच तारीख ग्राह्य धरतात.

उगम : बन्सन १८५२ मध्ये लेओपोल्ट ग्मेलिन यांच्या जागी हायडल्बर्ग विद्यापीठात आले. त्याच सुमारास शहरात दिवाबत्तीसाठी कोळशाचा वायू येऊ लागला होता. १८५५ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या प्रयोगशाळेत त्याच वायूवर तापवण्याचीही सोय करायची होती. बन्सन यांचे इंग्रज सहकारी रसायनशास्त्रज्ञ हेन्री रॉस्को यांनी लंडनहून आणलेल्या ज्वालकात वायू व हवेचे मिश्रण तारेच्या जाळीवर जळे. ज्योत मोठी व हलती असे आणि तापमान कमी पडे. जाळी काढून टाकावी, वायू बारीक तोटीतून उभ्या नळीत सोडावा, त्याच्या झोताने बुडाच्या छिद्रांतून हवा ओढली जावी आणि मिश्रण नळीच्या तोंडाशी जळावे, ही बन्सन यांची सूचना १८५४ च्या अखेरची. विद्यापीठातील यंत्रकारागीर पेटर डेसागा यांनी ती धातूत उतरवली. १८५५ च्या आरंभापर्यंत सुमारे ५० ज्वालक तयार झाले. छापील वर्णन बन्सन व रॉस्को यांच्या प्रकाशरसायनावरील लेखात (१८५७) आले. बन्सन यांनी पेटंट घेतले नाही.

मायकेल फॅराडे यांच्या १८२७ च्या ग्रंथात वायूत आधीच हवा मिसळणारा ज्वालक आढळतो, म्हणून काही लेखक अग्रमान त्यांना देतात. काहींच्या मते उपकरण सर्वस्वी डेसागा यांचे. तत्त्व जुने, त्याची नेमकी मांडणी बन्सन यांची व घडण डेसागा यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कार्य : पेटवताना नळीच्या बुडाशी असलेली कडी फिरवून हवेची छिद्रे बंद ठेवतात, काडी पेटवून मग वायू सोडतात. पिवळी ज्योत स्थिर झाली की छिद्रे सावकाश उघडतात. आत स्पष्ट निळा शंकू दिसला की मिश्रण योग्य. सर्वाधिक उष्णता (सुमारे १,५००° से.) या शंकूच्या टोकाच्या किंचित वर असते. शंकूच्या आत न जळलेला वायू असतो. तेथे टेकवलेली मूस नीट तापत नाही.

पूर्ण ज्वलनासाठी कोळशाच्या वायूला सुमारे चारपाचपट, मिथेनला साडेनऊपट, तर प्रोपेनला २४ पट हवा लागते. म्हणून एलपीजीसाठी (प्रोपेन व तत्सम वायूंच्या मिश्रणासाठी) तोटी बारीक व दाब जास्त ठेवतात. कोळशाच्या वायूची जुनी तोटी तशीच राहिली तर ज्योत पिवळी होते आणि भांड्यांवर काजळी धरते.

मिश्रणाचा नळीतील वेग ज्वलनाच्या वेगाहून कमी झाला की ज्योत आत शिरते व तोटीवरच जळू लागते. वायू कमी व छिद्रे पूर्ण उघडी असताना हे घडते. हायड्रोजन भरपूर असलेल्या कोळशाच्या वायूत विशेष. सूं-सूं आवाज येतो, नळी तापते, रबरी नळी वितळू शकते. वायू ताबडतोब बंद करावा, नळीला हात लावू नये आणि ती निवल्यावर छिद्रे मिटून पुन्हा पेटवावे. उलट, वायूचा जोर फार झाला तर ज्योत नळीच्या तोंडावरून उचलली जाऊन विझते.

वर्णपटविज्ञानातील स्थान : या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे तीत धरलेल्या क्षाराचा रंग झाकला जात नाही. याच गुणाच्या आधारे, ज्योतीच्या प्रकाशाचा वर्णपट (रंगपट्टा) तपासून, बन्सन व भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ किर्खहोफ यांनी जर्मनीतील ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यात सिझियम (१८६०) आणि लेपिडोलाइट खनिजात रुबिडियम (१८६१) ही मूलद्रव्ये शोधली. सुमारे ४४,००० लिटर पाण्यातून सिझियम क्लोराइड हाती आले ते जेमतेम ७ ग्रॅम! ज्योतीच्या रंगावरून मूलद्रव्य ओळखण्याच्या परीक्षेत मुख्य अडचण सोडियमची; त्याचा लेशही ज्योत पिवळी करतो व पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग बुडवतो. म्हणून प्लॅटिनमची तार हायड्रोक्लोरिक अम्लात बुडवून रंग उमटेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवतात आणि ज्योत पिवळा रंग अडवणाऱ्या निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात.

बन्सन यांचे आर्सेनिकवरील लोहयुक्त उतारा (१८३४), कार्बनी विद्युत्‌घट (१८४१) आणि एक डोळा गमावूनही पूर्ण केलेले कॅकोडिल (आर्सेनिकयुक्त कार्बनी) संयुगांवरील संशोधन आज तज्ज्ञांपुरतेच उरले आहे.

सुधारित प्रकार : तेक्लू ज्वालकात हवा अधिक काटेकोरपणे कमीजास्त करता येते. मेकर ज्वालकात नळीच्या तोंडावर जाळी असते. एका शंकूऐवजी अनेक लहान शंकू तयार होतात, ज्योत अधिक उष्ण होते आणि सहसा आत शिरत नाही.