नांगरापासून सेकंदांपर्यंत: शिडाच्या शर्यतीची सुरुवात

२२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या काउज बंदरासमोर शर्यतीच्या बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. ९:५५ ला तयारीची तोफ झाली, १० ला सुटण्याची. ‘अमेरिका’ या स्कूनरची (दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाची) शिडं वाऱ्याने भरली, ती स्वतःच्याच नांगरापुढे सरकली आणि नांगर निघेना. शिडं पुन्हा उतरवावी लागली. सर्वांत शेवटी सुटूनही ती जिंकली; शिडांच्या शर्यतीतल्या अमेरिकाज कप या चषकाचं नाव तिचंच.

तेव्हा सुरुवात म्हणजे खलाशांच्या मनगटाचा कस. नंतर वेगात येऊन सुरुवातीची रेषा ओलांडण्याची पद्धत रुळली. इशाऱ्याआधी नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या भागाचं, टोक जरी पलीकडे गेलं तरी मागे वळून पुन्हा यावं लागे. त्यामुळे वेळ मोजणारा माणूस सुकाणूवाल्याइतकाच मोलाचा झाला.

अमेरिकन शिडबोटपटू हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९३०, १९३४ आणि १९३७ मध्ये हा चषक राखला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी रीत सोपी आहे: रेषा ओलांडून दूर निघताना उरलेल्या वेळेत वळणाला लागणारा वेळ मिळवा आणि निम्मे करा. १४० सेकंद उरले असतील आणि वळायला १० लागत असतील, तर घड्याळात ७५ उरताच वळायचं. वारा मध्येच पडला तर हिशेब कोलमडतो, म्हणून मोजणारा आकडे मोठ्याने म्हणत राहतो.

२००१ च्या नियमांपासून इशाऱ्यांचा नेहमीचा क्रम ५-४-१-० मिनिटांचा आहे: सुरुवातीला पाच, चार आणि एक मिनिट उरताना, आणि मग सुटण्याचा. आता सर्वांत अवघड काम नाळेवरच्या माणसाचं. सुकाणू मागे, पुढचं दृश्य जिबने (पुढच्या शिडाने) झाकलेलं, आणि वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. म्हणून तो बोटं दाखवतो: तीन बोटं म्हणजे रेषा तीन बोटींच्या लांबीवर, मूठ म्हणजे ‘थांब’. खुणा आदल्या दिवशीच ठरवाव्यात. प्रत्येक बोटीवर त्या वेगळ्या असतात.

लांब रेषेच्या मधोमध बोटी हमखास मागे राहतात, कारण तिथून रेषा आहे त्यापेक्षा जवळ भासते. त्यावर उपाय जुनाच: सुरुवातीआधी रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन तिच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत किनाऱ्यावरचं झाड किंवा इमारत हेरून ठेवायची. सुटतानाही घाई नको: ट्रिमरने (शिडं ताणणाऱ्या खलाशाने) शीट, म्हणजे शिडाची दोरी, एकदम आवळली तर बोट वेग घेण्याआधीच आडवी घसरते. आधी थोडी सैल, मग वेगाबरोबर आत.