नाचोज खावेसे वाटतात तेव्हा
(आमच्या टॉर्टिया घरी नेणाऱ्यांसाठी)

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भावाचा नसतो, "हे डाएटमध्ये चालतं का हो?" हा असतो. विचारणाऱ्या बाईच्या एका हातात आमचं पाकीट असतं आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीतून चीजचा डबा डोकावत असतो. दर वेळी दुकानात उभ्याउभ्या उत्तर देताना अर्धं राहून जातं, म्हणून या वेळी लिहूनच काढलं.

आमच्या टॉर्टियात, म्हणजे मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळीत, तीनच गोष्टी आहेत: मका, पाणी आणि चुना. एक टॉर्टिया 25 ग्रॅमची, म्हणजे साधारण 55 कॅलरी. तीन खाल्ल्या तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते वर काय पडतं त्याने. त्यामुळे "टॉर्टिया खाऊन वजन उतरेल का?" याला आमचं उत्तर "नाही" असंच आहे. विकणाऱ्याने असं सांगू नये असं आमच्या जाऊबाईंचं मत आहे, पण पत्रक मी लिहितेय.

नेमकं काय हवं असतं?

संध्याकाळी सहाला ऑफिसातून येताना जीभ चाळवते ती "मला चीज हवं" म्हणून नव्हे. आम्ही दोघींनी बरेच दिवस एकमेकींना रंगेहाथ पकडलं, तेव्हा लक्षात आलं की हवं असतं काहीतरी कुरकुरीत, काहीतरी आंबट-खारट, काहीतरी नाकातून पाणी काढणारं, आणि शेवटी जिभेवर पसरणारं थोडं स्निग्ध. या चारांतले पहिले तीन जवळजवळ फुकट मिळतात. कुरकुरीतपणा ओव्हन देतो, आंबट लिंबू-टोमॅटो देतात, तिखट मिरची देते. महाग पडतं ते चौथं. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, मग ते ऑलिव्हचं असो नाहीतर घाण्याचं.

म्हणून आमच्या घरचा हिशोब असा: पहिल्या तिघांत हात आखडायचा नाही, चौथं मात्र चमच्याने मोजायचं. मोजायचं म्हणजे काढून टाकायचं नव्हे. एकदा जानेवारीत उत्साहाच्या भरात मी तेलाचा थेंबही न घालता टॅको (सारण भरून दुमडलेल्या टॉर्टिया) केले. सगळ्यांनी निमूटपणे खाल्ले आणि दहा वाजता एकेक जण फरसाणाच्या डब्यापाशी भेटला. त्यापेक्षा दोन चमचे तेल परवडलं असतं.

मिठाकडेही लक्ष असू द्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट लहान चमचासुद्धा नाही. चिप्स, बाटलीतला सॉस आणि वरून लोणचं एवढ्यात तो कोटा सहज संपतो. लिंबू जरा जास्त पिळलं की मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही, हा घरोघरी चालणारा उपाय इथेही चालतो.

चीज नाही म्हणजे अपुरं नाही

"व्हीगन, म्हणजे दूध-दहीही वगळून, करायचं म्हणजे खरी चव काढून टाकायची ना?" असं विचारणाऱ्यांना आम्ही इतिहास सांगतो. 1519 मध्ये स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले, त्याआधी तिथे गाय नव्हती, डुक्कर नव्हतं आणि गहूही नव्हता. म्हणजे दूध, चीज, क्रीम, चरबी यांतलं काहीच नाही. ती माणसं शाकाहारी होती असं नाही, टर्की आणि मासे ती खात होती. पण रोजचं पोट भरत होतं ते मका, घेवडा आणि भोपळा यांवर. तिन्ही एकाच शेतात लावायचे: मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, भोपळा खाली पसरून जमिनीची ओल धरतो. या शेताला तिकडे मिल्पा म्हणतात. घेवडा हवेतला नत्र मुळांत बांधतो हे आपल्याकडे मिश्रपीक घेणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

टॉर्टियाच्या कुरकुरीत तुकड्यांवर पिवळ्याधम्मक चीजचा थर असलेले नाचोज तर अगदी अलीकडचे. अमेरिकेच्या सीमेलगतच्या, मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात 1943 मध्ये इग्नासिओ अनाया या माणसाने पाहुण्यांसाठी घाईत जे होतं त्यातून ती बशी लावली. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, त्यावरून पदार्थाचं नाव पडलं. त्यामुळे चीज वगळल्याने परंपरा मोडते असं वाटून घेऊ नका.

चुना कशाला?

पाकिटावर "चुना" वाचून दचकणारे पुष्कळ असतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच मुरवायचा, ही मेक्सिकोची हजारो वर्षांची रीत आहे. आमचं प्रमाण 1 किलो वाळलेल्या मक्याला 3 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम खाद्य प्रतीचा चुना. अर्धापाऊण तास मंद उकळून झाकून ठेवतो. सकाळी दाणा दोन बोटांत चोळला की वालाच्या बिरड्यासारखं साल सुटून येतं. मग तीन-चार पाण्यांनी धुवायचं आणि दगडी ग्राइंडरवर वाटायचं.

याने दोन गोष्टी होतात. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी बांधलेलं असतं, पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, गाठलं. आधी स्पेन आणि उत्तर इटलीत, पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात. दुसरी गोष्ट रोजच्या कामाची: पिठाला चिकटपणा येतो. साधं मक्याचं पीठ थापलं की कडा फुटतात, म्हणून आपण मक्याची भाकरी करताना उकड काढतो. चुन्यात शिजवलेल्या मक्याला उकड लागत नाही.

घरी करून बघणार असाल तर चुना वजनकाट्यावर मोजा. सुरुवातीला मी पानाच्या डबीतला चुना अंदाजाने घातला होता. पीठ हळदीसारखं पिवळं झालं, त्याला साबणाचा वास आला आणि जीभ चुरचुरली. चार किलो मका टाकून द्यावा लागला. गच्चीवर पसरला तर कबुतरांनीही तोंड लावलं नाही.

घेवडा: खरी भूक इथे भागते

टॅकोत पोट भरणारी गोष्ट म्हणजे घोटलेला घेवडा. मेक्सिकोत त्यासाठी काळा किंवा ठिपक्यांचा पिंतो घेवडा वापरतात. आमचं माहेर कोरेगावचं, त्यामुळे आम्ही वाघ्या घेवडा वापरतो. पिंतोचाच भाऊ म्हणा, अंगावर ठिपक्यांऐवजी रेघा, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. नसेल मिळत तर साधा राजमा घ्या. वाळलेल्या 100 ग्रॅम राजम्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं असतात, तंतू भरपूर. त्यामुळे दहा वाजता फरसाणाचा डबा आठवत नाही.

एक वाटी घेवडा आठ-दहा तास भिजवा. भिजवलेलं पाणी फेकून द्या. कुकरला अगदी मऊ होईपर्यंत शिजवा, दाणा टाळूला दाबला तर विरघळला पाहिजे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते नुसत्या कोमट आचेवर जात नाही, चांगली खळखळून उकळी लागते. म्हणून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट राजमा टाकू नका, कुकर उत्तम.

मग जाड बुडाच्या कढईत एक मोठा चमचा तेल, त्यात बारीक कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई केली तर पुढे काहीही घालून चव येत नाही. चार लसूण पाकळ्या, एक बेडगी मिरची भिजवून वाटलेली, आणि मग घेवडा त्याच्या पाण्यासकट. रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने घोटा. कढईच्या बुडाला चर पाडला की तो क्षणभर तसाच राहिला पाहिजे, लगेच भरून आला तर अजून आटवा. चार माणसांना पुरतं, म्हणजे माणशी तेल पाव चमचा. तिकडे हे चरबीत करतात, पण कांदा नीट परतलेला असेल तर आमच्याकडे आजवर कुणी विचारलं नाही.

पोटात गुबारा धरणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटीवर थांबावं, हळूहळू सवय होते. हिंग चालतो. मात्र बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, तेव्हा गहू वर्ज्य असलेल्यांनी डबी वाचून घ्यावी.

वरून काय घालायचं

इथे सढळ हाताने घाला. टोमॅटो, लसूण आणि हिरवी मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायची, पाट्यावर ओबडधोबड वाटायची, मीठ-लिंबू घालायचं, झाला साल्सा. आपली भाजलेल्या टोमॅटोची चटणीच, फोडणी तेवढी नाही. हिरव्या साल्साला लागणारं तोमातीयो नावाचं फळ इथे मिळत नाही. कच्चे हिरवे टोमॅटो आणि जरा जास्त लिंबू घेतलं की काम भागतं.

चीजच्या जागी आम्हाला सर्वांत आवडतं ते मेक्सिकोच्या युकातान भागातलं सिकिल पाक. माया भाषेत सिकिल म्हणजे भोपळ्याच्या बिया आणि पाक म्हणजे टोमॅटो. अर्धी वाटी सोललेल्या बिया मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करून वाटा, त्यात दोन भाजलेले टोमॅटो, कोथिंबीर, मिरची, लिंबू. घट्ट, दाणेदार, किंचित तेलकट, आणि वरून तेल शून्य. लाल भोपळा चिरताना ज्या बिया आपण कचऱ्यात टाकतो त्याच या. धुऊन वाळवल्या तर सोलायचा कंटाळा एवढाच खर्च.

काजूचं क्रीमही चालतं, पण ते हलकं आहे या समजात राहू नका. 100 ग्रॅम काजू साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात. व्हीगन म्हणजे आपोआप कमी, असं नसतं. आमच्या शेंगदाण्याच्या साल्सा माचालाही तेच लागू. वेराक्रूझकडचा हा शेंगदाणे, सुकी मिरची आणि लसूण तेलात परतून वाटायचा प्रकार आहे. आपल्या ओल्या शेंगदाणा चटणीची आठवण होते आणि हात थांबत नाही. बाटलीत चमचा घालून खाणारी गिऱ्हाइकं आम्हाला माहीत आहेत. टॅकोवर एक लहान चमचा.

अव्होकाडो मिळाला, परवडला तर जरूर आणा. मटार वाटून गुआकामोले (अव्होकाडोची चटणी) म्हणून वाढणाऱ्यांशी आमचं पटत नाही, मटाराची उसळ करा ना त्यापेक्षा.

चिप्स

सहा टॉर्टियांचे प्रत्येकी सहा त्रिकोण कापा. लहान चमचाभर तेल हातालाच लावून सगळ्यांना चोळा. 180 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. ताज्यापेक्षा आदल्या दिवशीच्या टॉर्टिया जास्त कुरकुरीत होतात. बाजारच्या तळलेल्या चिप्समध्ये वजनाच्या साधारण पाव भाग तेल असतं. इथे ते सगळं मिळून साधारण 40 कॅलरींचं. ताटलीत वाढून घ्या आणि डबा बंद करून आत ठेवा. मांडीवर डबा घेऊन बसलं की हिशोब संपला, मग ते भाजलेले असोत की तळलेले.

खरेदी करताना

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. दूध पावडर असलेल्या चिप्सवरही हिरवा ठिपकाच असतो. भारतात व्हीगन पदार्थांसाठी 2022 पासून वेगळे नियम आहेत आणि त्यांचं इंग्रजी व्ही अक्षर असलेलं हिरवं चिन्ह वेगळं आहे, ते बघा. नाहीतर घटकांची यादी वाचा.

आणि दूध-दही पूर्ण सोडलं असेल तर बी-12 बद्दल डॉक्टरांशी बोला. ते वनस्पतींतून मिळत नाही, कितीही घेवडा खाल्ला तरी. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डाळी-घेवड्याचं प्रमाणही विचारूनच ठरवावं.

गोड खावंसं वाटलं तर

मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी मिळते. नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ठेवली तर कुठली कुठली ते सांगता येणार नाही. कारण राजगिरा मूळचा तिकडचाच, आपण तो उपासाला चालवून घेतला. तिकडे मध किंवा कच्च्या साखरेची ढेप घालतात. मध वगळायचा तर आपला गूळ आहेच. एक वडी, चहाबरोबर.

उरल्या तर

टॉर्टिया गरम करताना तवा चांगला तापवा, एका बाजूला अर्धं मिनिट, दुसऱ्या बाजूला तेवढंच, आणि लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुरडीत झाका. दहा मिनिटं वाफ धरली की घडी घालताना तुटत नाहीत. "तुमच्या टॉर्टिया मोडतात" अशी तक्रार आली की आम्ही आधी फडक्याचं विचारतो.

शिळ्या झाल्या तर चिलाकिलेस करा: तुकडे भाजून गरम साल्स्यात टाकायचे, वर कांदा-कोथिंबीर. फोडणीच्या पोळीचा मेक्सिकन अवतार, नाश्त्याला झकास.

पाकीट फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये महिनाभर. आम्ही कुठलंच टिकवण्याचं रसायन घालत नाही, त्यामुळे बाहेर दुसऱ्या दिवशी आंबट वास येतो; आला तर खाऊ नका. टॉर्टियांच्या मधले जाड कागद धुऊन ठेवा, घरी थापायला उपयोगी पडतात. ताजा माल मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर तयार असतो. डबा घेऊन आलात तर पाकिटाचे पाच रुपये कमी.