वाटी, परात आणि कासचा वारा

सप्टेंबरात कासच्या पठारावर, वाटेच्या कडेला मांडी घालून मी सीतेच्या आसवांचे फोटो काढत होतो. जेमतेम सेंटिमीटरभर निळंजांभळं फूल, दोऱ्यासारखा देठ आणि क्षणभर न थांबणारा वारा. मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला फुल फ्रेम डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, हातात होता, पिशवीत माझा नेहमीचा लहान सेन्सरचा कॅमेरा. सेन्सर म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारी चिप. इवल्या वस्तू जवळून टिपणारी एकच मॅक्रो लेन्स आलटून पालटून लावली. घरी फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कुठला कशाचा ते मलाच ओळखेना. आदल्या पहाटे अजिंक्यताऱ्यावरून याच दोन कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. मग मोठा सेन्सर कासला कुठे गेला?

फुल फ्रेम म्हणजे जुन्या रोलवरच्या एका चौकटीएवढा सेन्सर, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर. फरक सव्वादोन पटींहून थोडा जास्त.

वळवाची सर आली की अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवून पाहा. थेंब कुणी मोजून टाकत नाही. सरासरी १०० थेंब पडायचे तिथे कधी ९० पडतात, कधी ११०. म्हणजे दहा टक्के चढउतार. सरासरी १०,००० पडायचे तिथे चढउतार शंभराच्या आसपास, म्हणजे एकच टक्का. प्रकाशाचे कणही असेच बेहिशेबी पडतात. कमी उजेडातल्या फोटोत रवाळ खरखर दिसते, जिला आपण नॉइज म्हणतो, ती बरीचशी याच चढउताराची असते. प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. जितके जास्त कण गोळा कराल तितकी खरखर कमी, आणि परातीचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, सगळा मोठेपणा इथे आहे.

अजिंक्यताऱ्यावर जरंडेश्वराच्या डोंगरामागे तांबडं फुटलं होतं आणि खालचा उतार काळोखात होता. अशा वेळी आभाळ पांढरंफटक होऊ नये म्हणून उजेड त्याच्या बेतानं घ्यावा लागतो आणि उतार काळा पडतो. कॅमेरा तिवईवर, आयएसओ, म्हणजे टिपलेला उजेड वाढवून दाखवायचं माप, सगळ्यात कमी, आणि दोन्ही कॅमेऱ्यांची भांडी सांडायच्या आत काठोकाठ भरलेली. परातीत मावलं जास्त. नंतर रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या फोटोत, मी तो उतार चार स्टॉप, म्हणजे सोळा पट उजळवला. फुल फ्रेमच्या फोटोत कारवीची झुडपं वेगवेगळी दिसली. माझ्या कॅमेऱ्यात त्याच जागी हिरव्या-जांभळ्या डागांचा चिखल. कुठलाही कॅमेरा पारखताना मी ही परीक्षा आधी घेतो. दुकानाच्या झगझगीत उजेडात सगळेच कॅमेरे गुणी दिसतात.

कासला गणित उलटतं. इवलंसं फूल पाकळीपासून देठापर्यंत स्पष्ट हवं, तर माझ्या कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ/११ ला ठेवलेलं पुरतं. एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. तीच चौकट आणि पुढून मागे तेवढीच स्पष्टता फुल फ्रेमवर हवी, तर एफ/१६ पर्यंत छिद्र आवळावं लागतं. उजेड निम्म्यावर येतो. वाऱ्यामुळे शटर १/२५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही, म्हणून आयएसओ ८०० चा १६०० करायचा. परात मोठी खरी, पण तिच्यावर पाऊसच निम्मा. वारा पडला असता तर शटर लांबवून परात भरता आली असती. पण कासला वारा पडायची वाट बघत बसायचं म्हणजे दिवसच गेला!

मेगापिक्सेलचंही तेच. २०१७ च्या निकॉन डी८५० मध्ये ४५.७ मेगापिक्सेल आहेत, एकेक पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा. छिद्र आवळलं की प्रकाश कडेला पसरतो आणि एफ/१६ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो, म्हणजे पाच पिक्सेल रुंद. फुलांसाठीच कॅमेरा घेणार असाल तर जास्तीच्या मेगापिक्सेलला पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. डोंगर, आभाळ आणि मोठी प्रिंट हे वेड असेल तर जरूर घाला.

डीएसएलआर आता बहुतेक वेळा सेकंडहँड बघितले जातात, तेव्हा फोकस तपासल्याशिवाय उठू नका. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघताना फोकस मोजणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी असतो, आरशांनी खाली वळवलेल्या उजेडावर चालणारा. फोटो टिपणारा सेन्सर मागे. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत जुळायला हवी. आरसा केसभर सरकला तरी फोकस चुकतो. वर्तमानपत्र टेबलावर पसरून, तिरक्या कोनातून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून मधल्या एका ओळीवर नेम धरा. मी पाहिलेल्या एका बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, दर वेळी दोन ओळी मागचा मजकूर स्पष्ट येत होता. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, मात्र नेम अचूक, कारण तिथे फोटोचा सेन्सरच फोकस बघतो. असा दोष बऱ्याच बॉडींत मेनूमधून दुरुस्त होतो, पण तो हेरायला हवा.

शटर किती वेळा चाललं तेही विचारा. डी८५० चं शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. शेवटी बाहेर येऊन एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. अंधुक गोल ठिपके दिसले तर ती धूळ, साफ होते. सरळ, धारदार रेघ दिसली आणि ती सफाईनंतरही तिथेच राहिली, तर सौदा सोडा.